बकव्हीट पोरांच्या मागावर: पेनसिल्व्हेनियातले पाच दिवस

मी नववी-दहावीला इतिहास शिकवते, वीस वर्षं झाली. "यादवी युद्धानंतर अमेरिका शेतीप्रधान देशापासून औद्योगिक देश बनली" हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याचा हिशोब नाही. पोरं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात, संपलं. पण माझे बाबा खामगावजवळ अजून पऱ्हाटी (कापूस) लावतात आणि माझा मोठा भाऊ त्याच घरातून निघून न्यूजर्सीत मशीनची डिझाईन करतो, त्यामुळे शेतातून कारखान्यात जाणं म्हणजे एका वाक्याची गोष्ट नसते हे मला घरातूनच माहीत आहे. यंदा ऑगस्टमध्ये दादाकडे गेले तेव्हा त्याला म्हटलं नायगारा नको, मला हे वाक्य जिथे घडलं तिथे ने. दादा, वहिनी आणि मी, पाच दिवस, एक गाडी. तिकिटं, हॉटेलं सगळं वहिनींनी बघितलं, काही अडचण आली नाही म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

दिवस पहिला: गेटिसबर्ग

दादाच्या न्यूजर्सीतल्या एडिसनहून सकाळी लवकर निघालो, तीन-सव्वातीन तासात पोचलो. मला रणांगण म्हणजे काहीतरी ओसाड माळ वाटत होता, आणि प्रत्यक्षात ही शेतं आहेत हो! मका डोक्याच्या वर गेलेला, लाकडी आडव्या दांड्यांची कुंपणं, लाल कोठारं. लढाईतल्या जागांची नावंसुद्धा तशीच, एक गव्हाचं शेत, एक पीचची बाग. यादवी युद्धात गुलामी ठेवणारी दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेची राज्यं एकमेकांशी लढली, त्यातली ही मोठी लढाई. १ ते ३ जुलै १८६३, तीन दिवस, दोन्ही बाजू मिळून सुमारे ५१ हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, आणि गावाची वस्ती तेव्हा होती जेमतेम २४००.

इथे लायसन्स असलेले गाईड मिळतात, ते तुमच्याच गाडीत बसून स्वतः गाडी चालवत सगळं दाखवतात. आमचे गाईड सत्तरीचे आजोबा होते. त्यांना मी सांगितलं की मला सेनापतींपेक्षा शेतकऱ्यांचं सांगा, तर ते एक मिनिट माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे काही खुलले की दोन तासाचे तीन तास झाले. लिडिया लीस्टर नावाच्या विधवा बाईच्या दोन खोल्यांच्या घरात उत्तरेच्या सेनापतीनी मुक्काम केला होता. लढाईनंतर ती परत आली तर गहू तुडवलेला, कुंपण जळालेलं आणि जमिनीवर सतरा मेलेले घोडे. तिच्या शेजारचं शेत अब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या माणसाचं. दक्षिणेचं सैन्य काळ्या लोकांना पकडून गुलाम म्हणून खाली नेत होतं, म्हणून तो कुटुंब घेऊन आधीच निघून गेला होता. परत आल्यावर त्याने नुकसानभरपाई मागितली हजार डॉलरच्या वर, मिळाले १५. आमच्याकडे गारपिटीनंतर तलाठी पंचनामा करून जातो आणि मग खात्यात जे पैसे येतात ते बघून बाबा नुसते पासबुक बंद करतात, तेच आठवलं.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल करून मका दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न, "पाऊस हाय का तिकडं?" आणि दुसरा, "सगळे कारखान्यात गेले म्हंतं, मंग शेती कोन करते तेथं?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

एक सांगायचं राहिलं. हे युद्ध आमच्या वऱ्हाडापर्यंत आलेलं आहे. १८६१ ला दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर कंपन्यांचा नुसता पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं. पण कापसाचा व्यापार राहिला, जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला तो कापसासाठीच. म्हणजे गेटिसबर्गच्या त्या कुंपणाशी उभं राहताना मी काही अगदीच परकी नव्हते.

टीप: रणांगण फिरायला पैसे नाहीत, म्युझियमला तिकीट आहे. गाईड आधी बुक करा. ऑगस्टमध्ये दुपारी ऊन भयंकर, टोपी आणि पाणी घ्याच. रस्त्यावरच्या स्टॉलवर पीच घ्या, या जिल्ह्यात फळबागाच फळबागा आहेत, आम्ही एक टोपली घेतली ती पुढे तीन दिवस पुरली.

दिवस दुसरा: आल्टूना, घोड्याच्या नालेचं वळण

डोंगर चढत आल्टूनाला आलो. इथे पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १८५४ मध्ये डोंगराला वळसा घालून असं वळण काढलं की लांब मालगाडीचं इंजिन एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला दिसतं. आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्याने खोदलंय. वर जायला रुळावरून दोराने ओढली जाणारी छोटी गाडी आहे किंवा १९४ पायऱ्या. मी आणि दादा पायऱ्यांनी गेलो. वर गवतावर बाकं आहेत, लोक डबे घेऊन बसलेले, एका आजीने नातवाला मांडीवर घेतलं होतं आणि गाडी आली की दोघं मिळून डबे मोजायचे. आम्ही असताना तीन मालगाड्या गेल्या. आपल्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण येतेच येते.

फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग कालव्याने आणि घाटातून चार दिवस लागायचे, या रुळांनी ते एका दिवसाच्या आत आलं. युद्धात हीच लाईन सैनिक आणि तोफा वाहत होती. आणि दक्षिणेचे खासदार काँग्रेस (अमेरिकेची संसद) सोडून गेल्यामुळे जी बिलं वर्षानुवर्षं अडली होती ती १८६२ मध्ये धडाधड पास झाली, कसायला तयार असेल त्याला १६० एकर सरकारी जमीन, पॅसिफिकपर्यंत रेल्वे, आणि शेती नि तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांसाठी राज्यांना जमीन. त्याच्या एक वर्ष आधी परदेशी मालावर जकात वाढलेली होतीच. माझ्या फळ्यावरच्या वाक्यातलं "युद्धानंतर" हे अर्ध चूक आहे असं मला तिथे बाकावर बसून वाटलं, पाया युद्ध चालू असतानाच घातला जात होता. उलट युद्धाच्या त्या दशकात एकूण कारखानदारीची वाढ आधीपेक्षा मंदावली होती, खरी झेप नंतरची.

टीप: उघडं असण्याचे दिवस आधी बघा, हिवाळ्यात बंद असतं. वर सावली कमी.

दुपारनंतर वीजा-पाऊस सुरू झाला, दादा सावकाश चालवत होता, जॉन्सटाऊनला पोचायला अंधार पडला. रात्री नदीवरचा जुना दगडी पूल रंगीत दिव्यांनी उजळलेला दिसला. सुंदर दिसतो. दुसऱ्या दिवशी त्या पुलाची गोष्ट ऐकली आणि मग मला त्याच्याकडे बघवेना.

दिवस तिसरा: जॉन्सटाऊन

या गावासाठी मी अख्खा दिवस ठेवला होता आणि तो कमीच पडला. जॉन्सटाऊन म्हणजे कॅम्ब्रिया आयर्न कंपनी, १८५२ ची, एके काळी देशातल्या सगळ्यात मोठ्या लोखंड कारखान्यांपैकी एक, रेल्वेचे रूळ बनवणारी. आणि १४ मैल वर डोंगरात एक मातीचं धरण. हे धरण सरकारने बांधलं कालव्याला पाणी पुरवायला, ते पूर्ण होतंय न होतंय तोवर आदल्या दिवशी आम्ही पाहिलेली ती रेल्वे सुरू झाली आणि कालवाच निकामी झाला. धरण पडून राहिलं. मधल्या एका मालकाने तळाचे पाणी सोडायचे लोखंडी पाईप काढून भंगारात विकले. मग पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबने ते मासेमारीसाठी घेतलं, पोलाद कारखानदार कार्नेगी आणि फ्रिक, बँकवाला मेलन हे सगळे सभासद. बग्गी जावी म्हणून बांधाची उंची कमी केली, मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या, पाईप परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला प्रचंड पावसात बांध फुटला. २,२०९ माणसं गेली. घरं, झाडं, रेल्वेचे डबे, काटेरी तार सगळं त्या दगडी पुलाला जाऊन अडकलं आणि त्या ढिगाला आग लागली, आत माणसं जिवंत होती.

सकाळी आधी साऊथ फोर्कला धरणाच्या जागी गेलो. बांधाची दोन टोकं अजून उभी आहेत, मधे मोठी खिंड, खाली बारीक ओढा आणि गवत. पाऊस थांबला होता पण धुकं होतं. तिथल्या रेंजरबाई, वय पंचविशीचं असेल, नकाशावर बोट ठेवून पाणी कुठून कसं गेलं ते सांगताना इतक्या मनापासून सांगत होत्या की वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं. क्लबवर खटले झाले, पण भरपाई म्हणून कोर्टाकडून कुणालाही दमडी मिळाली नाही. नंतर कार्नेगीने गावाला लायब्ररी बांधून दिली, आज त्याच इमारतीत पुराचं म्युझियम आहे. मी आत उभी होते तेव्हा मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

याच म्युझियमच्या गप्पांत मला माझा माणूस सापडला. बिल जोन्स. कॅम्ब्रियात कामाला होता, यादवी युद्धात लढून कॅप्टन झाला, नंतर कार्नेगीने त्याला पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉकच्या नव्या पोलाद कारखान्यावर नेलं. हा जोन्स कामगार निवडायचा ते जर्मन, आयरिश, स्वीडिश आणि "बकव्हीट" असे मिसळून. बकव्हीट म्हणजे आपलं उपासाचं कुट्टू, आणि त्याच्या भाषेत आजूबाजूच्या खेड्यातली अमेरिकन शेतकऱ्यांची पोरं! ऐकल्या ऐकल्या दादा म्हणाला, "म्हणजे मीच की." मग पुढचे दोन दिवस आम्ही या बकव्हीट पोरांनाच शोधत होतो.

दुपारी टेकडीवरच्या ग्रँडव्ह्यू दफनभूमीत गेलो. ओळख न पटलेल्यांसाठी ७७७ सारखे पांढरे दगड आहेत, नाव नसलेले, रांगेत. बोलण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तिघं वेगवेगळ्या रांगेतून चालत गेलो आणि गाडीपाशी भेटलो.

जेवण गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, तिथे बायका पिरोगी करून विकत होत्या. पिरोगी म्हणजे बटाटा-चीज भरलेली उकडलेली करंजी, वर लोण्यात परतलेला कांदा. लाटणाऱ्या आजींनी सांगितलं की त्यांचे आजोबा स्लोव्हाकियातून कारखान्यात आले, तिकडे शेतमजूर होते. जोन्सच्या जर्मन-आयरिशांनंतर पूर्व युरोपातले शेतकरी आले आणि सगळ्यात कष्टाची कामं त्यांच्या वाट्याला आली. मी कडा मुरडायला बसले, करंजीची मुरड घातली तशी, आजींना ती इतकी आवडली की त्यांनी दोघींना बोलावून दाखवली. शाकाहारी लोकांनी इकडे पिरोगी आणि कोबी-नूडल्सची हलुश्की मागावी, पण बेकन नको असं स्पष्ट सांगा.

टीप: धरणाची जागा आणि म्युझियम दोन्ही बघा, आधी धरण. गावातली डोंगर चढणारी जुनी गाडी दुरुस्तीसाठी बंद असू शकते, चौकशी करून जा.

रात्री पिट्सबर्ग. १८७७ ची डुकेन इन्क्लाइन ही डोंगरावर दोराने ओढली जाणारी गाडी घेऊन वर गेलो, खाली तीन नद्यांचा संगम आणि दिवेच दिवे. सुटे पैसे जवळ ठेवा.

दिवस चौथा: कॅरी, होमस्टेड, ब्रॅडॉक

कॅरी फर्नेस म्हणजे बंद पडलेल्या लोखंडाच्या भट्ट्या, त्यांची टूर आधी बुक केली होती. बंद बूट लागतात, वहिनींच्या पायात सँडल होते म्हणून सकाळी दुकान शोधून बूट घ्यावे लागले आणि आम्ही अगदी वेळेवर पोचलो. ६ आणि ७ नंबरच्या भट्ट्या उरल्यात, १९०६-०७ च्या, ९२ फूट उंच, गंजून विटकरी-काळ्या झालेल्या. आत शिरलं की मान वर करून बघतच राहतो माणूस. गाईड काका स्वतः पोलाद कारखान्यात काम केलेले. खनिज सुपीरियर सरोवराकडून, कोक (भट्टीत भाजलेला दगडी कोळसा) कॉनल्सव्हिलहून, चुनखडी, हे वरून टाकायचं, खालून गरम हवा, आणि वितळलेलं लोखंड वाळूत काढलेल्या चरांतून वाहत जायचं. चर बघताना मला दांडातलं पाणी आठवलं, बाबा फावड्याने माती ओढून एक दांड बंद करतात आणि दुसरा फोडतात, अगदी तसंच इथली माणसं वाळूने धार वळवायची. हे मी काकांना हातवारे करून सांगितलं, ते म्हणाले माझे आजोबा पण पोलंडला शेतातच होते, हात शिकलेला होता.

मग त्यांनी पाळ्यांचं सांगितलं. बारा तास काम, आणि दर दोन आठवड्यांनी पाळी बदलताना सलग चोवीस तास. १९२३ पर्यंत हे चाललं. बिल जोन्सचं मत होतं की एवढं काम माणसाकडून होत नाही, त्याने ब्रॅडॉकला आठ तासांची पाळी सुरू केली होती, चांगली चालली होती, पण १८८८ मध्ये कार्नेगीने परत बारा तास आणले. जोन्सला स्वतःला पगार २५,००० डॉलर. १८८९ मध्ये जॉन्सटाऊनच्या पुरानंतर तो माणसं घेऊन मदतीला धावला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याच कारखान्यात भट्टी फुटून भाजून गेला. जॉन्सटाऊनमध्ये त्याचं नाव ऐकलं तेव्हा मला त्याचा शेवट माहीत नव्हता, इथे भट्टीपाशी ऐकला. शेतातली लवचिक पोरं निवडणारा माणूस, त्यांच्यासारखाच गेला.

बंद झाल्यावर इथे कलाकारांनी पाईप आणि तारांचं भलंमोठं हरणाचं डोकं केलंय. आणि आता पायाखाली सगळीकडे रानफुलं.

नदीपलीकडे होमस्टेड. १८७० च्या सुमाराला ही शेतजमीन होती, प्लॉट पाडून विकली, दहा वर्षांत कारखाना. एम्पायर स्टेट बिल्डिंगचं पोलाद इथलं. कारखाना १९८६ ला बंद झाला, आता मॉल आहे, विटांची बारा धुराडी तेवढी रांगेत ठेवलीत. पुढे पंप हाऊस आहे, ६ जुलै १८९२ ला पहाटे कामगारांचा संप मोडायला पिंकर्टन या खाजगी एजन्सीचे ३०० शिपाई बार्जमधून इथे उतरायला आले आणि दिवसभर लढाई झाली, सात कामगार आणि तीन शिपाई मेले. मग राज्याचं सैन्य आलं, युनियन मोडली, पोलादात ताकदीची युनियन परत यायला १९३० चं दशक संपत आलं. नदीकाठी आम्ही एकटेच होतो, एक माणूस गळ टाकून बसलेला.

ब्रॅडॉकचा जोन्सचा कारखाना, एडगर थॉमसन, १८७५ पासून अजून चालू आहे! रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली तर वाफेचे लोट, गंधकाचा वास, घरघर. गाव मात्र निम्मं रिकामं, बंद दुकानं, पडकी घरं. इथेच कार्नेगीची अमेरिकेतली पहिली लायब्ररी, १८८९ ची, तळघरात कामगारांसाठी न्हाणीघरं होती. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडच्या हातमागवाल्या विणकराचा मुलगा, वाफेच्या मागांनी बापाचा धंदा बुडवला म्हणून हे कुटुंब १८४८ ला इकडे आलं. युद्धात भरतीचं बोलावणं आलं तेव्हा त्याने पैसे देऊन बदली माणूस पाठवला, कायद्याने चालत होतं. गेटिसबर्गनंतर हे ऐकायला जड गेलं.

रात्री पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात दर्शन आणि कँटीनमध्ये चिंचेचा भात, दहीभात. तिथे बसून दादाला बाबांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण आता ते माझ्याकडे होतं. शेती संपली नाही, वाढली. १८६० ला देशात सुमारे २० लाख शेतं होती, १९०० ला ५७ लाख. कापणीची यंत्रं आली, रेल्वेने पश्चिमेची जमीन खुली केली, धान्य इतकं पिकलं की गव्हाचा भाव १८९० च्या दशकात निम्म्यावर आला. पण १८६० ला निम्म्याहून जास्त कामकरी शेतीत होते ते १९०० ला सुमारे ४० टक्के राहिले, आणि पोलाद १८७० ला ७० हजार टन होतं ते १९०० ला एक कोटी टनाच्या वर. म्हणजे पिकवणारे पिकवत राहिले आणि भावात मार खात राहिले, त्यांची पोरं भट्टीवर गेली. आणि दक्षिणेत चाळीस लाख माणसं गुलामीतून सुटली ती जमीन न मिळाल्याने परत कापसातच, बटईने, सावकाराच्या वहीत. "ही वही मला माहितीय," दादा एवढंच म्हणाला. आमच्या आजोबांची चार एकर अशाच वहीत गेली होती.

दिवस पाचवा: पिटहोल

परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून पिटहोलला गेलो, दोन तास उत्तरेला. जानेवारी १८६५ ला इथे तेल लागलं, मे महिन्यात होल्मडेन नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर शहराचे प्लॉट पडले, युद्धातून सुटलेले शिपाई खिशात पगार घेऊन थेट इथे आले आणि सप्टेंबरमध्ये वस्ती १५ हजार! हॉटेलं, थिएटर, पोस्टाची गर्दी. तेल आटलं, आगी लागल्या, १८७० ला माणसं तीनशेच्याही आत. पुढे शहराची जागा ४ डॉलर ३७ सेंटला विकली गेली.

आता तिथे उतारावर गवत आहे. जुने रस्ते तेवढे मशीनने कापून ठेवतात, त्यामुळे उंच गवतातून हिरवे पट्टे जातात आणि तुम्ही "फर्स्ट स्ट्रीट" वरून चालता, दोन्ही बाजूंना नाकतोडे आणि पिवळी फुलं. आम्ही तासभर फिरलो, दुसरं कुणी नव्हतं. मोबाईलला रेंज नाही, नकाशा आधी डाऊनलोड करा, व्हिजिटर सेंटर मोजकेच दिवस उघडं असतं, गोचिडींसाठी पायात मोजे वर ओढून घ्या.

निघताना रस्त्याला लागून एका शेताच्या तोंडाशी मक्याच्या कणसांचा ढीग, पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा, माणूस कुणीच नाही. बारा कणसं घेतली. बाबांसाठी फोटो काढला, मागे शेतात एक माणूस आणि भलंमोठं मशीन एवढंच दिसत होतं, नजर जाईल तिथपर्यंत मका. रेंज आल्यावर फोटो गेला तर बाबांचा उलट फोन, "येवढ्या वावरात येकच मानूस?" मी हो म्हटलं. मग त्यांनी डब्यात पैसे किती टाकले ते विचारलं आणि एका कणसाचा हिशोब रुपयात करून मागितला.

एडिसनला पोचायला रात्रीचे दहा वाजले. वहिनींनी कणसं गॅसवर भाजली, लिंबू, तिखट, मीठ. तिकडचा मका फार गोड, आपल्या गावरानसारखा चावावा लागत नाही. दादाने तीन खाल्ली.